उलट्या डोक्याची राणी

गेल्या हिवाळ्यात आमच्या पलटणीचे एक निवृत्त सुभेदार मेजर आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याहून थेट हावड्याला आले. मी तेव्हा कोलकात्यात पोस्टिंगवर होतो. फोर्ट विल्यमचं नाव आता 'विजय दुर्ग' झालं आहे, त्यामुळे फाटकावर गाडीतून उतरताच ते म्हणाले, "साहेब, आपल्या सिंधुदुर्गातनं निघालो आन् पुन्हा विजयदुर्गातच आलो की!" माणूस साताऱ्याचा, आवाज अजून परेड मैदानावरचा. पण चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, तेव्हा हात थोडे थरथरत होते.

डब्यात जुनी तिकिटं होती. त्यांचे वडील साठच्या दशकात कोलकात्यात फौजेत क्लार्क होते, तेव्हा जमवलेली. त्यात प्लास्टिकच्या पाकिटात वेगळं ठेवलेलं एक चार आण्यांचं तिकीट : अष्टकोनी कापलेलं, लाल चौकट, आत निळ्या रंगात व्हिक्टोरिया राणीचं डोकं. आणि ते डोकं उलटं.

मी तिकिटं जमवतो हे पलटणीत सगळ्यांना ठाऊक आहे. एसएम साहेबांचा नातू वैद्यकीयला लागला होता. फी ऐकून माझेच डोळे पांढरे झाले. "हे विकलं तर पोराचं सगळं शिक्षण निघंल, असं तात्या म्हणायचे," ते म्हणाले. "खरं हाय का ते बघा फक्त."

तात्यांचं म्हणणं चूक नव्हतं. अस्सल असेल तर हे हिंदुस्थानातल्या सर्वांत दुर्मिळ तिकिटांपैकी एक. आजवर जगात तिसाच्या आसपास सापडली आहेत.

हे तिकीट कसं जन्मलं ते सांगायला हवं, कारण अस्सल-नकलीचं उत्तर तिथेच आहे. हिंदुस्थानातली पहिली तिकिटं १८५२ सालची, 'सिंध डाक' नावाची. ती काढणारा बार्टल फ्रिअर सिंधमध्ये जाण्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होता. (हे ऐकून एसएम साहेब थोडे सैलावले. सातारकराला साताऱ्याचा धागा लागतोच.) पण ती फक्त सिंधपुरती. सगळ्या देशासाठी एकच दर १ ऑक्टोबर १८५४ पासून लागू झाला : पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते कुठून कुठेही जावो. त्यासाठी तिकिटं हवीत, आणि भरपूर हवीत.

कलकत्त्याच्या टांकसाळीत कर्नल फोर्ब्ज यांनी सिंह आणि ताडाच्या झाडाचा सुंदर नमुना केला, पण त्यांच्या यंत्रातून लागतील तेवढी तिकिटं निघेनात. मग काम आलं कॅप्टन थुइलियरकडे. हा बंगाल आर्टिलरीचा अधिकारी, सर्व्हे खात्यात डेप्युटी सर्व्हेअर जनरल. वय चाळीस, आणि हुद्दा अजून कॅप्टन! आमच्या बढत्यांच्या तक्रारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच्याकडे तिकिटाचं यंत्र नव्हतंच. होता तो नकाशे छापायचा शिळाप्रेस. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते ज्या तंत्राने, तेच हे : दगडावर स्निग्ध शाईची आकृती, पाणी आणि शाई एकमेकांना धरत नाहीत एवढ्यावर सगळा खेळ.

थुइलियरने पहिला अर्धा आणा लाल छापला. त्याचा शेंदरी रंग विलायतेहून आलेला. तो संपला, म्हणून देशी रंग वापरला, तर दगडच खराब झाले. पुरवठा तुटला की काय होतं, ते कुठल्याही क्वार्टरमास्टरला विचारा. गड्याने हट्ट सोडला, नवी आकृती कोरून घेतली आणि अर्धा आणा निळा केला. तो लाल अर्धा आणा अधिकृतपणे विक्रीला आलाच नाही. त्याच्या कडेच्या नक्षीत साडेनऊ कमानी आहेत, निळ्यात आठ. आजही बनावट लाल तिकीट ओळखायला आधी कमानी मोजतात.

एक आणा लाल निघाला, दोन आणे हिरवा टांकसाळीत छापला. चार आणे मात्र दोन रंगांत काढायचं ठरलं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या दोनरंगी तिकिटांपैकी हे एक. त्यासाठी प्रत्येक कागद प्रेसखालून दोनदा जायचा, एकदा चौकटीसाठी, एकदा डोक्यासाठी. सुरुवातीच्या कागदावर बारा तिकिटं होती. दुसऱ्या खेपेला कागद उलटा लागला की बाराच्या बारा राण्या शीर्षासनात. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांनी ती पत्रांवर चिकटवली, पोस्टाने शिक्के मारले.

किंमत कळल्यावर ज्यांच्या हाती अस्सल उलटं नव्हतं, त्यांनी ते तयार करायला घेतलं. साधं चार आण्यांचं तिकीट घ्यायचं, डोकं कडेने कापून काढायचं, फिरवून पुन्हा बसवायचं आणि मागे पातळ कागद लावायचा.

एसएम साहेबांचं तिकीट मी भिंगाखाली धरलं. शाई बरोबर. दगडी छपाईचा सपाट, थोडा कोरडा ठसा बरोबर. मनात म्हटलं, तात्या जिंकले. मग शिक्का पाहिला. टिंबांची रांग लाल चौकटीवरून आत येत होती आणि निळ्या डोक्यापाशी एकदम थांबत होती. पलीकडे, जिथे ती असायला नको तिथे, टिंबं पुन्हा सुरू. छपाईत डोकं उलटं लागलं असतं, तर शिक्का त्यानंतर बसला असता आणि सरळ आरपार गेला असता. इथे शिक्का आधी बसला होता, डोकं नंतर फिरलं होतं.

तरी मी बोललो नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना एका वृद्ध बंगाली संग्राहकांकडे नेलं. ही तिकिटं त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाची. त्यांनी तिकीट काळ्या बशीत उपडं ठेवलं आणि बेन्झिनचे दोन थेंब सोडले. त्या तिकिटांच्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीच्या राजचिन्हाचं जलचिन्ह असतं, पण ते अख्ख्या कागदभर एकच. त्यामुळे एका तिकिटाच्या वाट्याला सिंहाचा पंजा किंवा ढालीची एखादी रेघ येते. कधी काहीच येत नाही, आणि तेवढ्यावरून तिकीट नकली ठरत नाही. इथे एक रेघ आली होती. ती चौकटीतून निघाली आणि मध्यभागी तुटली. तिच्याभोवती कापल्याची गोल काळी खूण स्पष्ट दिसली.

"चौकट अस्सल आहे, डोकंही अस्सल आहे," ते हिंदीत म्हणाले. "दोघांना एकत्र ज्याने आणलं, तो चोर." मग थोडं थांबून विचारलं, "वडिलांनी किती दिले होते?"

एसएम साहेबांनी आकडा सांगितला. त्या काळातला क्लार्कचा तीन महिन्यांचा पगार.

परतताना टॅक्सीत ते बराच वेळ गप्प होते. हावड्याचा पूल आल्यावर म्हणाले, "तात्यांना कळलं नाही ते बरं झालं." आणि मग, "साहेब, तुम्हाला कालच कळलं होतं ना?" मी हो म्हणालो. "मग कालच सांगायचं होतं. रात्रभर मी फीचा हिशोब मांडत बसलो."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेमकरणपासून सियाचेनपर्यंत ज्यांनी मला खरं तेच सांगितलं, त्यांच्याशी मी एक रात्र लपवालपवी केली होती.

शैक्षणिक कर्ज गेल्या महिन्यात मंजूर झालं. डबा परत साताऱ्याला आहे. त्यांनी पाकिटाचा फोटो पाठवला आहे. त्यावर लाल शाईने, पलटणीच्या रजिस्टरमधल्यासारख्या ठसठशीत अक्षरात लिहिलं आहे : 'नकली. विकू नये.' खाली तारीख आणि सही.