नीली हॉकिन्स यांची कबर : विस्मृत दफनभूमी आणि एका घराण्याची वंशावळ

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मॅरिंगविन नावाचे एक लहानसे गाव आहे. मरियेच्या निष्कलंक हृदयाला समर्पित असलेल्या तेथील चर्चच्या दफनभूमीत एक जुनी शिला कलंडून पडली होती. दगड झिजला होता, परंतु त्यावरील अक्षरे स्पष्ट होती : नीली हॉकिन्स, मृत्यू १६ एप्रिल १९०२. हे नीली म्हणजे कोण, ह्याचा उलगडा २०१६ साली झाला. त्यामुळे एका कुटुंबाला आपला पूर्वज सापडला आणि ख्रिस्तसभेला आपल्या एका जुन्या अपराधाला सामोरे जावे लागले. हा शोध कसा लागला, ह्याची माहिती आम्ही वाचकांसाठी येथे देत आहोत.

१८३८ ची विक्री

मेरीलँड प्रांतातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या मालकीचे शेतमळे होते आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत असत. हे गुलाम कॅथलिक होते. त्यांचा स्नानसंस्कार धर्मगुरूंनीच केलेला होता. १७८९ साली स्थापन झालेले येशूसंघाचे जॉर्जटाउन कॉलेज पुढे कर्जबाजारी झाले. जून १८३८ मध्ये प्रांताधिकारी फादर थॉमस मुलेडी ह्यांनी २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकण्याचा करार केला. खरेदीदार होते त्या राज्याचे माजी राज्यपाल हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी.

रोममधील येशूसंघप्रमुख फादर यान रोथान ह्यांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या. कुटुंबांची ताटातूट होऊ नये, विकलेल्यांना धर्माचरणाची सोय मिळावी आणि मिळणारा पैसा कर्जफेडीसाठी वापरू नये, अशा त्या अटी होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. जहाजावर चढवले जात असताना काहींनी जपमाळेची याचना केली, असे त्या काळच्या वृत्तांतात नमूद आहे. विकलेल्यांमध्ये कॉर्नेलियस हॉकिन्स नावाचा सुमारे १३ वर्षांचा मुलगा होता. दहा वर्षांनी, १८४८ मध्ये, फादर जेम्स व्हॅन डी व्हेल्डे ह्यांनी लुइझियानातून फादर मुलेडींना पत्र लिहिले आणि ह्या लोकांना धर्मसेवेपासून वंचित राहावे लागत आहे, अशी कळकळ व्यक्त केली. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पोप सोळावे ग्रेगरी ह्यांचे पत्र विक्रीनंतरच्या वर्षीच, डिसेंबर १८३९ मध्ये, प्रसिद्ध झाले होते.

नोंदींचा माग

हे सारे लोक दलदलीच्या प्रदेशात तापाने लवकरच मरण पावले, त्यांचा वंश उरला नाही, असा एक समज पुढे पसरला होता. २०१५ साली जॉर्जटाउनच्या एका माजी विद्यार्थ्याने वंशावळतज्ज्ञांच्या साहाय्याने शोध सुरू केला आणि हा समज खोटा ठरला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय घराण्यांची वंशावळ शोधताना १८७० हे वर्ष भिंतीसारखे आडवे येते. १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावेच नव्हती. मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग व वर्ण लिहिलेला असे. मुक्त झालेल्या ह्या माणसांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० साली. विकलेल्या २७२ जणांच्या बाबतीत मात्र ही भिंत ओलांडता आली, कारण येशूसंघाने त्यांची नावे, वये आणि नाती लिहून ठेवली होती. विक्रीच्या यादीत पहिले नाव ६५ वर्षांच्या आयझॅक ह्यांचे होते. तेही हॉकिन्स घराण्यातलेच.

पुढचा दुवा जहाजाचा. १८०८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार किनाऱ्याने गुलाम नेणाऱ्या कप्तानाला त्यांची नावे, वये व उंची लिहिलेली यादी द्यावी लागे. अशा याद्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यानंतर १८५१ मधील मळ्याच्या मालमत्तेची यादी मिळाली. तीत कॉर्नेलियस ह्यांची किंमत ९०० डॉलर लावलेली आहे. गुलामगिरी संपल्यावर मात्र ते जनगणनेत घरदार असलेला माणूस म्हणून दिसतात आणि चर्चच्या नोंदवह्यांत कॅथलिक भाविक म्हणून. 'नीली' हे त्यांचे घरगुती नाव होते. ते ठाऊक झाले, तेव्हा कागदावरचा कॉर्नेलियस आणि शिलेवरचा नीली एकच, हे स्पष्ट झाले. चर्चच्या नोंदींच्याच आधारे त्यांच्या हयात वंशजाचा शोध लागला. ज्या दफनभूमीत आपले आप्त वर्षानुवर्षे पुरले गेले, तेथेच आपला पूर्वजही विसावला आहे, हे त्या कुटुंबाला ठाऊक नव्हते.

कबुली

१८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाउन येथे झालेल्या प्रायश्चित्ताच्या उपासनेत येशूसंघाने वंशजांची क्षमा मागितली. त्याच दिवशी फादर मुलेडींचे नाव पूर्वी असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स ह्यांचे नाव विधिपूर्वक देण्यात आले. मार्च २०२१ मध्ये येशूसंघाने वंशजांसह स्थापन केलेल्या प्रतिष्ठानासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. वंशजांपैकी काहींनी ह्याचे स्वागत केले, तर काहींना ते अपुरे वाटले. पैशाने हिशेब पुरा होत नाही, हे उघड आहे. परंतु कबुलीजबाबात पाप नाव घेऊन सांगावे लागते, हे आपण कॅथलिक जाणतो. ही नावे सापडली नसती, तर कोणाची क्षमा मागायची, हाच प्रश्न उरला असता.

ज्या हातांनी स्नानसंस्काराची नोंद लिहिली, त्याच हातांनी विक्रीची यादीही लिहिली, हे सत्य आम्हा धर्मगुरूंना अंतर्मुख करणारे आहे. त्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाहाच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांची नोंदही सांगितली. बाजाराच्या यादीत माणसाची किंमत असते. धर्मग्रामाच्या वहीत त्याचे नाव, आईबाप आणि धर्ममातापिता असतात.

आपल्या वसईतही एकाच आडनावाची अनेक घराणी आहेत आणि ती ओळखली जातात घरगुती नावांनी. ही नावे बहुधा वहीत नसतात. ती आजी-आजोबांच्या तोंडी असतात आणि त्यांच्याबरोबरच मातीत जातात. दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर फुले वाहतो व मेणबत्त्या लावतो. त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तीन पिढ्यांची नावे, घरगुती नावांसह, एका वहीत उतरवून ठेवावीत, अशी आमची वाचकांना विनंती आहे. पुसट होत चाललेल्या शिलेवरील अक्षरेही त्याच वहीत लिहून घ्यावीत.