ट्रॅव्हल ट्रेलरचा अंतर्गत आराखडा

मोटार किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून नेल्या जाणाऱ्या चाकांवरील घरात झोपण्याच्या जागा, स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचे टेबल, न्हाणीघर, शौचालय, कपाटे व ये-जा करण्याची वाट यांची जी मांडणी केलेली असते, तिला ट्रॅव्हल ट्रेलरचा अंतर्गत आराखडा म्हणतात. अशा वाहनास अमेरिका व कॅनडात ट्रॅव्हल ट्रेलर, तर ब्रिटन व ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन असे नाव आहे. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम आणि पिकअपच्या हौद्यातील जोडणीवर टेकणारा फिफ्थ व्हील ट्रेलर हे याहून वेगळे प्रकार आहेत.

विक्रीच्या माहितीपत्रकात ट्रेलरमध्ये किती जण झोपू शकतात हा आकडा ठळकपणे दिलेला असतो. त्यात टेबल खाली उतरवून आणि सोफा उलगडून केलेल्या पलंगांचीही गणना होते. तेवढीच माणसे पावसाच्या दिवशी आत बसू, जेवू आणि वावरू शकतील काय, हे त्या आकड्यावरून समजत नाही. म्हणून आराखडा निवडताना माणसांच्या संख्येबरोबरच त्यांची वये, झोपण्या-उठण्याच्या वेळा, प्रकृती आणि ओढणाऱ्या वाहनाची क्षमता यांचाही विचार करावा लागतो.

इतिहास

केवळ सहलीसाठी बांधलेल्या आरंभीच्या फिरत्या घरांमध्ये स्कॉटिश डॉक्टर व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्या 'वाँडरर' या घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचा उल्लेख केला जातो. ती १८८५ मध्ये तयार झाली. मोटारीच्या प्रसारानंतर मोटारीने ओढायची घरे बनू लागली. अमेरिकेत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये 'क्लिपर' हा अॅल्युमिनियमच्या कवचाचा ट्रेलर बाजारात आणला. त्यात चौघांची झोपण्याची सोय, पाण्याचा साठा आणि विजेचे दिवे होते.

सुरुवातीच्या आराखड्यांत एकच जागा दिवसा बैठकीसाठी व रात्री निजण्यासाठी वापरली जाई. पुढे कायमस्वरूपी पलंग आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेली मांडणी रूढ झाली. १९९० च्या दशकापासून बाहेर सरकणाऱ्या कक्षांचा प्रसार झाल्यामुळे आराखड्यांचे प्रकार झपाट्याने वाढले. अमेरिकेतील इंडियाना राज्याचा एल्कहार्ट परिसर या उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे.

मूलभूत मर्यादा

अमेरिकेतील प्रमुख महामार्गांवर वाहनाची कमाल रुंदी साधारणतः १०२ इंच, म्हणजे सुमारे २.५९ मीटर असते. भिंतींची जाडी वजा जाता आत जेमतेम अडीच मीटर रुंदी उरते. भारतीय रेल्वेच्या डब्याची रुंदी याहून अधिक असते, हे लक्षात घेतले तर या जागेचा अंदाज येतो. रुंदी वाढवता येत नसल्याने आराखड्यातील बहुतेक फरक हे लांबीच्या वाटपाचे फरक असतात. पलंगाला दिलेली लांबी बैठकीतून कमी होते आणि न्हाणीघराला दिलेली लांबी ओट्यातून कमी होते.

लांबी वाढवण्यालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या अनेक तळांवर वाहनाच्या लांबीचे बंधन असते. मॉडेलच्या नावातील आकडा पुष्कळदा ट्रेलरची एकूण लांबी दाखवीत नाही. जोडणीच्या दांड्यासह असलेली लांबी वेगळी पाहावी लागते.

प्रमुख प्रकार

• दोघांसाठीची मांडणी: एका टोकाला कायमचा मोठा पलंग, मध्ये ओटा व टेबल आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघर किंवा बैठक. पाहुण्यांची सोय सोफ्यावर होते.

• बंकहाउस: पुढे आईवडिलांचा पलंग आणि मागील कोपऱ्यात एकावर एक दोन किंवा अधिक बर्थ. मुले असलेल्या कुटुंबांत हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे. वरच्या बर्थसाठी निर्मात्याने वजनमर्यादा दिलेली असते. मूल वयात आल्यावर बर्थची लांबीही अपुरी पडू शकते.

• मागील बैठक: मागच्या भिंतीला मोठी खिडकी व आरामखुर्च्या. फार दिवस मुक्काम करणाऱ्या दांपत्यांना ही मांडणी सोयीची असते, मात्र मुलांसाठी वेगळी झोपण्याची जागा सहसा नसते.

• मागील स्वयंपाकघर: ओटा व कपाटे मागच्या भिंतीलगत असल्याने काम करायला जागा अधिक मिळते.

• मर्फी पलंगाची मांडणी: पलंग भिंतीला उभा मिटतो व त्या जागी सोफा वापरता येतो. ट्रेलरची लांबी व वजन यांत बचत होते, परंतु एक माणूस झोपलेला असताना इतरांना बैठक मिळत नाही.

• टॉय हॉलर: मागील भाग मोटारसायकलसारखी वाहने ठेवण्यासाठी मोकळा असतो व मागची भिंत उताराच्या फळीसारखी खाली उघडते.

रात्रीचा व पावसाच्या दिवसाचा वापर

आराखड्याचे गुणदोष रात्री अधिक स्पष्ट होतात. पलंगाची एक लांब बाजू भिंतीला लागून असेल, तर आतल्या बाजूस झोपलेल्या व्यक्तीला दुसऱ्याला ओलांडून उतरावे लागते. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येईल अशी मांडणी ज्येष्ठांना किंवा रात्री वारंवार उठावे लागणाऱ्यांना सोयीची असते. अनेक ट्रेलरांत ६० × ८० इंचांच्या नेहमीच्या क्वीन पलंगाऐवजी ६० × ७४ किंवा ७५ इंचांचा आखूड पलंग असतो. सहा फूट उंचीच्या माणसाला तो अपुरा वाटू शकतो.

शौचालयाकडे जाणारी वाट कोणाच्या झोपण्याच्या जागेतून जाते, हेही पाहावे लागते. टेबल उतरवून केलेल्या पलंगावर आजीआजोबा झोपणार असतील, तर ते झोपल्यानंतर टेबल कोणालाच वापरता येत नाही आणि सकाळी ते उठेपर्यंत इतरांचा चहा खोळंबतो. लहान ट्रेलरांत शॉवर व कमोड एकाच छोट्या कक्षात असतात. एकाच्या स्नानानंतर तेथील सर्व काही ओले होते. पाच-सहा माणसांच्या घरात शॉवर वेगळा असलेली मांडणी म्हणूनच पसंत केली जाते.

पावसाच्या दिवशी सर्व माणसे एकाच वेळी आत असतात. ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती दार, फ्रिज व शौचालय यांची वाट अडवत असेल, तर ट्रेलर कागदावर कितीही प्रशस्त असला तरी वापरात अडचणीचा ठरतो. ओट्यावरील कपाट किंवा मायक्रोवेव्ह फार खाली असल्यास उंच प्रेशर कुकर शेगडीवर ठेवणे अवघड होते. बाहेरच्या बाजूने उघडणारे छोटे स्वयंपाकघर असल्यास फोडणीचा धूर आत कोंडत नाही.

स्लाइड-आउट

ट्रेलर उभा केल्यानंतर भिंतीचा काही भाग पलंग, टेबल किंवा सोफा यांसह बाहेर सरकतो, त्यास स्लाइड-आउट म्हणतात. यामुळे आतील वाट रुंद होते. मात्र यंत्रणेचे वजन वाढते, तिची देखभाल करावी लागते आणि जोडाच्या रबरी पट्ट्या खराब झाल्यास पाणी झिरपते. विक्रीच्या दालनात ट्रेलर स्लाइड उघडून मांडलेला असतो. प्रवासात वाटेत थांबल्यावर तो मिटलेला असतो. त्या स्थितीत फ्रिज उघडता येतो काय आणि शौचालयापर्यंत पोहोचता येते काय, हे स्लाइड मिटवूनच तपासता येते. लहान मुले किंवा मधुमेही व्यक्ती बरोबर असल्यास या गोष्टीला विशेष महत्त्व असते.

वजन व आराखडा

ट्रेलरच्या कमाल अनुज्ञेय वजनातून रिकामे वजन वजा केले असता सामान वाहण्याची क्षमता मिळते. काल्पनिक उदाहरण घेतल्यास, २,५०० किलो रिकाम्या वजनाच्या व ३,२०० किलो कमाल वजनाच्या ट्रेलरात ७०० किलो सामान नेता येईल. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची १५० लिटरची टाकी भरल्यास त्यातील १५० किलो संपतात. पाच माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी व शिधा मिळून २५० किलो धरल्यास ३०० किलो उरतात. त्यात गॅसच्या टाक्या, बॅटरी, खुर्च्या, हत्यारे व सायकली बसवाव्या लागतात.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या दांड्यावर, म्हणजेच ओढणाऱ्या वाहनावर यावा असा संकेत आहे. वरील उदाहरणात हा भार ३२० ते ४८० किलो होतो. ओढणाऱ्या वाहनाची भारक्षमता ६८० किलो असेल आणि त्यात बसलेल्या पाच माणसांचे वजन ३३० किलो असेल, तर जोडणीसाठी ३५० किलोच उरतात. अशा वेळी हा ट्रेलर पूर्ण भरून सुरक्षितपणे नेण्यास फारच थोडा वाव राहतो. कुटुंब मोठे असले की ट्रेलर मोठा लागतो, आणि त्याच कुटुंबामुळे वाहनाची उरलेली क्षमता कमी होते. वाहनाची ओढण्याची क्षमता पाहून घेतलेला ट्रेलर पुष्कळदा या दुसऱ्या मर्यादेत बसत नाही.

वजन कोठे आहे यालाही महत्त्व असते. जड सामान व पाण्याची टाकी आसाच्या फार मागे असल्यास जोडणीवरील भार घटतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो. हेलकावे वाढल्यास ट्रेलर व वाहन दोन्ही उलटू शकतात. मागील स्वयंपाकघर किंवा मागे सायकली टांगण्याची सोय असलेल्या आराखड्यात ही बाब काळजीपूर्वक तपासावी लागते.

सुरक्षितता

अमेरिकेतील एनएफपीए ११९२ हे मानक अशा वाहनांतील अग्निसुरक्षा, गॅस व नळजोडणी यांविषयी आहे. मुख्य दाराखेरीज बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग त्यानुसार आवश्यक असतो. बहुधा तो सहज उघडणारी आपत्कालीन खिडकी हा असतो. ओट्यापाशी आग लागल्यास पलीकडच्या टोकाला झोपलेली मुले किंवा वृद्ध त्या खिडकीपर्यंत पोहोचून स्वतः बाहेर पडू शकतील काय, हा आराखड्याविषयीचा महत्त्वाचा प्रश्न आहे. लहान ट्रेलरात धूरसूचक यंत्र ओट्याजवळ असल्याने स्वयंपाकाच्या धुरानेही वाजते. त्यावर उपाय म्हणून ते बंद करणे धोक्याचे असते. चालू प्रवासात ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास ब्रिटनमध्ये व अमेरिकेतील अनेक राज्यांत मनाई आहे.

इतर देशांतील स्थिती

युरोपीय संघात सर्वसाधारण 'बी' परवान्यावर ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर ओढायचा झाल्यास वाहन व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन ३,५०० किलोंपर्यंत असावे लागते. त्यामुळे तेथे हलके व आटोपशीर आराखडे अधिक आढळतात. ब्रिटिश कॅराव्हॅनमध्ये पुढील खिडकीशी समोरासमोर दोन लांब सोफे ठेवून रात्री त्यांचाच पलंग करण्याची पद्धत रूढ आहे.

भारतात ओढून नेण्याच्या निवासी ट्रेलरांचा वापर अल्प असून मोटरहोमच्या धर्तीची वाहने अधिक दिसतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. या वाहनांतही झोपण्याच्या जागा, शौचालयाची वाट, पाण्याचा साठा व बाहेर पडण्याचे मार्ग यांचे निकष बहुतांशी तेच राहतात.

निवडीची पद्धत

ट्रेलर विकत घेण्यापूर्वी त्याच प्रकारच्या आराखड्याचा ट्रेलर काही दिवस भाड्याने घेऊन वापरणे हा उपयुक्त मार्ग मानला जातो. ते शक्य नसल्यास सर्व कुटुंबाने ट्रेलरमध्ये एकत्र जाऊन रोजचा क्रम प्रत्यक्ष करून पाहता येतो. त्यात सर्वांनी एकदम टेबलाभोवती बसणे, प्रत्येकाने आपल्या जागी आडवे होणे, अंधारात शौचालयापर्यंत जाणे, आपत्कालीन खिडकी उघडणे आणि स्लाइड मिटवून पुन्हा आत शिरणे यांचा समावेश असतो. कुटुंबातील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान व्यक्तीला ही कामे जमतात की नाही, यावरून तो आराखडा त्या कुटुंबाला योग्य आहे काय हे बऱ्याच अंशी ठरते.