इंधनाचे हिंदकळणे : एका लहान पात्राचा इतिहास

वेगवान मोटारींच्या, विशेषतः टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारींच्या, संदर्भात इंग्रजीत ‘फ्यूएल सर्ज’ ही संज्ञा रूढ आहे. ‘सर्ज’ हा शब्द मुळात ‘वर उठणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला आहे. त्यामुळे ती संज्ञा प्रथम ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, एंजिनाकडे इंधनाचा अकस्मात् लोंढा येत असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. टाकीत लाट उठते हे खरे. परंतु ती लाट इंधनाला पंपाच्या शोषनळीपासून दूर नेते, पंप पेट्रोलाऐवजी हवा ओढतो आणि एंजिन उपाशी राहते. संज्ञा कारणावरून पडली आणि परिणाम तिच्याआड लपला. मराठीत मात्र ह्या क्रियेला ‘हिंदकळणे’ हा घरगुती आणि अचूक शब्द सिद्ध आहे. घागर काठोकाठ भरली असता पाणी थोडेच हलते. अर्धी असता ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आदळत राहते. टाकीचेही तसेच होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

दोषाचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एकच गोष्ट सांगतो. वळणावर मोटारीवरील आडवा प्रवेग गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर टाकीतील इंधनाचा पृष्ठभाग क्षितिजाशी ४५ अंशांचा कोन करतो. चांगल्या टायरांच्या शर्यतीच्या मोटारीस एवढा प्रवेग सहज साधतो. टाकी रुंद व उथळ असेल आणि त्यात पाव भागच इंधन उरले असेल, तर तळाचा निम्मा भाग अशा वेळी कोरडा पडणे मुळीच अशक्य नाही. वळण पाच-सहा सेकंदांचे असले तरी एंजिनाला तो दीर्घ उपवासच होय.

आता प्रश्न असा की, मोटार १९व्या शतकाच्या अखेरीपासून रस्त्यावर असताना ह्या दोषाची चर्चा टर्बोचार्जरच्या काळातच एवढी का वाढली? ह्याचे उत्तर कार्बोरेटरच्या इतिहासात सापडते. विल्हेल्म मायबाख ह्याने १८९३ च्या सुमारास जो फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला, त्यात फ्लोट चेंबर होते. फ्लोट चेंबर म्हणजे एक छोटी कुपी. तीत तरंगणारा फ्लोट पातळी उतरताच झडप उघडतो आणि पातळी चढताच ती बंद करतो. ह्या कुपीचे काम पातळी स्थिर राखण्याचे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु तिच्याकडून आणखी एक काम न मागता होत होते. टाकीकडून येणाऱ्या नळीत क्षणभर हवा शिरली, तरी कुपीतील घोटभर पेट्रोलावर एंजिन तेवढा काळ निभावून नेई, आणि आलेली हवा कुपीच्या वरच्या वायुछिद्रातून निघून जाई. हे दुसरे काम कोणी योजिलेले नव्हते, म्हणून त्याला नावही नव्हते. आणि ज्याला नाव नाही ते नाहीसे झाले तरी लवकर लक्षात येत नाही.

ही कुपी स्वतःच हिंदकळू लागली तर काय होते, ह्याचा अनुभव १९४० साली इंग्लंडच्या आकाशात आला. स्पिटफायर व हरिकेन ह्या लढाऊ विमानांच्या मर्लिन एंजिनाला सुपरचार्जर होता आणि फ्लोट असलेला कार्बोरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली लोटले की, कुपीतील पेट्रोल वरच्या बाजूस चिकटे. जेट कोरडे पडून एंजिन प्रथम आचके देई. त्यानंतर फ्लोटची व्यवस्था विस्कटून झडप सताड उघडी राही, पंपाचे सारे पेट्रोल आत लोटे आणि एंजिन गुदमरून काही काळ बंदच पडे. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या डाइमलर-बेन्झ एंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जात असल्याने त्याला ही अडचण नव्हती. पाठलाग चुकविण्यासाठी तो वैमानिक सरळ खाली सूर मारी. इंग्रज वैमानिकाला मात्र आधी विमान कुशीवर उलटवूनच खाली जावे लागे. तेवढ्या अवधीत शत्रू निसटे, किंवा, प्रसंग उलटा असेल तर, गाठी.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील अभियंता बीट्रिस शिलिंग ह्यांनी ह्यावर काढलेला उपाय प्रसिद्ध आहे. एंजिनाला पूर्ण शक्तीसाठी लागेल तेवढेच पेट्रोल जाऊ शकेल, अशा मोजक्या छिद्राचा एक धातूचा अडसर त्यांनी इंधनाच्या वाटेवर बसविला. मार्च १९४१ पर्यंत तो फायटर कमांडच्या विमानांत बसविला गेला. स्वतः शिलिंग ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर मोटारसायकल ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फिरविलेल्या होत्या, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. परंतु लोकप्रिय वृत्तांतांत ह्या चकतीने दोष संपविला असे जे सांगितले जाते, ते मान्य करता येत नाही. तिने गुदमरणे थांबविले. आरंभीचे आचके राहिलेच. पुढे १९४३ मध्ये काही मर्लिन एंजिनांवर बेंडिक्सचा दाबावर चालणारा, फ्लोट नसलेला कार्बोरेटर आला, तेव्हा त्या कुपीचा प्रश्न कुपीसह निकालात निघाला.

मोटारींच्या बाबतीत कुपी गेली ती वेगळ्या कारणाने. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोलेट कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर ह्या टर्बोचार्जर असलेल्या पहिल्या विक्रीच्या मोटारींत कार्बोरेटरच होता. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि त्यानंतरची पोर्श ९११ टर्बो ह्यांत मात्र इंधन दाबाने फवारणारी इंजेक्शन-पद्धती होती. शक्ती वाढली, मापन सुधारले. पण टाकी व एंजिन ह्यांच्यामध्ये जो घोटभर साठा होता तो गेला. शिवाय टर्बो एंजिनाला उपवास अधिक बाधतो. साधे एंजिन क्षणभर अडखळून सावरते. टर्बोचार्जरने दाबून भरलेली हवा सिलिंडरात असताना इंधन कमी पडले, तर तपमान चढते, मिश्रण अवेळी भडकते आणि पिस्टनचे डोके वितळू शकते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ५० स्फोट होतात. अर्ध्या सेकंदाच्या चुकीत २५ स्फोट चुकीचे होतात. चालकाचा पाय पेडलावरून उठण्यापूर्वीच नुकसान होऊन गेलेले असते.

उपायांपैकी टाकीतील आडव्या भिंती आणि सच्छिद्र फोम हे लाटेचा जोर मोडतात, एवढेच. फोम कालांतराने झिजून त्याचे कण गाळणीत अडकतात, ही त्याची जुनी खोड आहे. निश्चिंत करणारा उपाय एकच : टाकी आणि मुख्य पंप ह्यांच्यामध्ये एक उंच, अरुंद, सदैव भरलेले लहान पात्र ठेवणे. टाकीतील कमी दाबाचा पंप त्यात इंधन आणून ओततो. उच्च दाबाचा पंप तळातून उचलतो. एंजिनाकडून परत येणारे जादा इंधनही टाकीत न जाता ह्याच पात्रात येते. आणि माथ्यावरच्या नळीने उरलेले इंधन, त्याबरोबर सर्व बुडबुडे, टाकीत परततात. सुमारे ४०० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण जोरात सेकंदाला ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल जाळते. दोन लिटरांचे पात्र म्हणजे पाऊण मिनिटाहून अधिक शिधा झाला. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक मोटारींत हेच पात्र लहान रूपात टाकीच्या पोटातच बसविलेले असते. परंतु एंजिनाची शक्ती मागाहून वाढविली आणि मोटार शर्यतीच्या मार्गावर नेली की, ते अपुरे पडू लागते.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की, हे पात्र म्हणजे फ्लोट चेंबरच्या त्या अनामिक दुसऱ्या कामाचाच पुनर्जन्म होय. ह्या वेळी त्याला नाव मिळाले, पण तेही उसने : ‘सर्ज टँक’. जलविद्युत्केंद्राच्या बोगद्याच्या टोकाशी, आपल्या कोयनेलाही, ह्याच नावाची रचना असते. तिचे काम पाण्याचा उसळता दाब पोटात घेणे हे आहे. मोटारीतील पात्र दाब सोसत नाही, साठा राखते. त्यातच भर म्हणजे, चालकाने वेग एकदम सोडला असता दाबलेली हवा टर्बोचार्जरच्या चक्रातून उलटी फिरते, त्या व्याधीलाही ‘सर्ज’च म्हणतात. एकाच मोटारीत एका शब्दाच्या दोन व्याधी आणि एक औषध! मराठी परिभाषा घडविताना पहिल्यास ‘हिंदकळणे’, दुसरीस ‘उलट लोट’ आणि पात्रास ‘शिधापात्र’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्या पात्रातील इंधन मोटारीचा भाग मानावे की इंधनच मानावे, हा वाद एकदा न्यायासनापुढेही गेला. त्या मोटारीचे एंजिन टर्बो नव्हते, परंतु पात्र तेच होते. एप्रिल २००५ मध्ये इमोला येथील फॉर्म्युला वन शर्यतीनंतर बार-होंडा संघाची, जेन्सन बटन ह्याने तिसऱ्या क्रमांकावर आणलेली मोटार तोलली असता ६०६.१ किलोग्रॅम भरली. नियमाची किमान मर्यादा ६०० होती. मग आतील निराळ्या कप्प्यासह सर्व इंधन काढून ती पुन्हा तोलली, तेव्हा काटा ५९४.६ वर थांबला. एंजिन चालण्यासाठी कप्प्यात काही इंधन नित्य असणे अपरिहार्य आहे, सबब ते वजनात धरावे, असे संघाचे म्हणणे होते. शर्यतीच्या पंचांनी ते प्रथम मान्य केले. त्यावर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने अपील केले आणि मे २००५ मध्ये अपील न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले. संघाच्या दोन्ही मोटारी त्या शर्यतीतून बाद ठरल्या, आणि पुढील दोन शर्यतींत, स्पेन व मोनॅको येथे, त्यांना उतरता आले नाही.