एकदा आणावे, वर्गभर वाटावे

वेबचा जन्म झाला तो शेजारच्या संगणकावरील माहिती वाचता यावी या साध्या गरजेतून. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर चालवला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही आरंभी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे. अमरावती-अकोल्याहून तेथे जोडणी करायची, तर एसटीडीचे बिल मिनिटागणिक वाढणार! मग वर्गातील दहा संगणकांनी एकच पान दहा वेळा का मागवावे?

यावरचा उपाय आपण आजही वापरू शकतो. १९९६ साली क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांनी 'डब्ल्यूगेट' हा मोफत प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समजा, लोणार सरोवराचा धडा आहे. वितरणाची परवानगी असलेली पाने डब्ल्यूगेट चित्रांसह एका फोल्डरमध्ये उतरवून घेतो व त्यांतील दुवे स्थानिक करतो. पायथन भाषेतील एका ओळीची आज्ञा त्याच संगणकाला सर्व्हर बनवते. या दोन आज्ञा एका फाइलीत लिहिल्या, की आपले साधन तयार! मुले ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा क्रमांक लिहितात आणि पान उघडते.

बाहेरची जोडणी तुटली तरी पाठ चालू राहतो. शिवाय सर्व्हर म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांना वर्गातच पाहता येते.