राजाश्रय : दहशतवादाच्या आरोपींना

दुसऱ्या देशात बॉम्बस्फोट, खून, अपहरण अशा गुन्ह्यांचा आरोप असलेल्या किंवा त्यांसाठी शिक्षा झालेल्या व्यक्तीला एखादे राज्य आपल्या भूमीवर राहू देते आणि तिचे प्रत्यार्पण नाकारते, तेव्हा राजाश्रयाचा प्रश्न उभा राहतो. ‘गुन्हेगाराला पाठीशी घातले’ असे मागणी करणारा देश म्हणतो. काही वेळा ते खरेही असते; पण बहुतेक प्रकरणांत आश्रय देणाऱ्याला त्या कृत्याबद्दल सहानुभूती नसते. त्याचा अविश्वास असतो तो मागणी करणाऱ्याच्या न्यायालयावर, तुरुंगावर किंवा फाशीच्या दोरावर.

राजकीय गुन्हेगाराला परत पाठवू नये, हा नियम कायद्यात प्रथम आणला तो बेल्जियमने, 1833 मध्ये. बेल्जियम स्वतः तीन वर्षांपूर्वीच्या बंडातून जन्मलेले राज्य होते. बंडखोरांना राजांच्या हवाली करणे त्याला शोभले नसते. पण 1854 मध्ये तिसऱ्या नेपोलियनची आगगाडी उडवण्याचा कट झाला, संशयित बेल्जियममध्ये सापडला आणि फ्रान्सचा दबाव वाढला. 1856 मध्ये बेल्जियमने कायद्यात दुरुस्ती केली : परकीय राष्ट्रप्रमुखाचा किंवा त्याच्या कुटुंबीयांचा खून हा राजकीय गुन्हा धरला जाणार नाही. आश्रयाचा हक्क आणि त्याला पडलेली पहिली मोठी मर्यादा यांत जेमतेम तेवीस वर्षांचे अंतर आहे. ब्रिटिश न्यायालयांनीही अशीच रेघ ओढली. 1890 च्या कास्तिओनी खटल्यात स्वित्झर्लंडमधील उठावाच्या धामधुमीत झालेली हत्या त्यांनी राजकीय मानली. 1894 मध्ये पॅरिसच्या कॅफेत स्फोट केल्याचा आरोप असलेल्या मनिए या अराजकवाद्याला मात्र फ्रान्सच्या हवाली केले.

मराठी वाचकाला या विषयाची ओळख असते ती मार्सेयच्या बंदरातून. 8 जुलै 1910 रोजी वि. दा. सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि ते फ्रान्सच्या धक्क्यावर पोचले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाला साहाय्य आणि राजाविरुद्ध युद्ध, असे आरोप त्यांच्यावर होते. ब्रिटिश सरकारच्या लेखी तो दहशतीचाच गुन्हा होता. फ्रेंच भूमीवर पाय लागल्यावर त्यांना फ्रेंच अधिकाऱ्यांसमोर नेणे आणि रीतसर प्रत्यार्पणाची कारवाई होणे आवश्यक होते. प्रत्यक्षात बंदरावरच्या फ्रेंच शिपायाने, हा बोटीवर गुन्हा करून पळालेला खलाशी असावा अशा समजुतीने, त्यांना पकडून पुन्हा बोटीवर पोचवले. मार्क्सचा नातू जाँ लाँगे याच्यासह फ्रेंच समाजवाद्यांनी आवाज उठवला, फ्रान्सने सावरकरांना परत मागितले आणि प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयात गेले. 24 फेब्रुवारी 1911 च्या निवाड्यात लवादाने मान्य केले की ही अटक आणि सुपूर्दगी नियमाला धरून नव्हती. तरीही कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असा निर्णय दिला. तोपर्यंत सावरकरांना दोन जन्मठेपा झालेल्या होत्या. आश्रय हा आरोपीच्या हातातला हक्क नसून राज्याराज्यांमधला व्यवहार आहे, हे या निवाड्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

याच फ्रान्सने सत्तर वर्षांनंतर आधुनिक काळातला आश्रयाचा सर्वांत मोठा प्रयोग केला. इटलीत 1969 च्या मिलान स्फोटापासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ ‘शिशाची वर्षे’ म्हणून ओळखला जातो. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या सशस्त्र गटांनी माणसे मारली. डाव्या ‘रेड ब्रिगेड्स’नी 1978 मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण करून त्यांचा खून केला, 1980 मध्ये बोलोन्या स्थानकावर नवफॅसिस्टांनी घडवलेल्या स्फोटात 85 जण गेले. सरकारने कडक कायदे केले : खटल्याआधीच्या कोठडीची मुदत वाढवली आणि माफीच्या साक्षीदारांना शिक्षेत मोठी सूट दिली. अनेक खटले आरोपी गैरहजर असतानाच चालले आणि जन्मठेपा सुनावल्या गेल्या. शेकडो डावे कार्यकर्ते फ्रान्समध्ये पळून गेले.

1981 मध्ये फ्रान्सवा मितराँ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. 20 एप्रिल 1985 रोजी मानवी हक्क संघाच्या अधिवेशनात त्यांनी आपली भूमिका जाहीर केली : 1981 पूर्वी हिंसक चळवळीत असलेल्या सुमारे 300 इटालियनांनी त्या चळवळीशी नाते तोडले आहे, फ्रेंच समाजात ते मिसळले आहेत, त्यांना परत पाठवले जाणार नाही. ‘मितराँ धोरण’ म्हणून ओळखली जाणारी ही गोष्ट कधीच कायदा झाली नाही. तिच्यामागे तीन विचार एकत्र होते. एक, इटलीतील गैरहजेरीतल्या खटल्यांवरचा अविश्वास. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात असा आरोपी हाती लागला की खटला नव्याने चालवावा लागे, इटलीत तशी हमी नव्हती. दोन, शस्त्र टाकणाऱ्याला परतीची वाट ठेवली नाही तर तो भूमिगतच राहील, हा व्यवहारी हिशेब. तीन, फ्रेंच डाव्यांची जुनी निष्ठा. रक्ताने हात माखलेल्यांना आश्रय नाही, असे मितराँ यांनी दोन महिने आधी इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांच्या भेटीच्या वेळी म्हटले होते. पण ती अट पुढे काटेकोरपणे पाळली गेली नाही, आणि या धोरणातला सर्वांत मोठा दोष तोच ठरला.

चेझारे बत्तिस्तीच्या प्रकरणात तो दोष उघडा पडतो. 1979 च्या फेब्रुवारीत मिलानचे सराफ पिएरलुईजी तोर्रेजानी यांच्यावर बत्तिस्तीच्या छोट्या सशस्त्र गटाने दुकानाजवळ हल्ला केला. सराफाने स्वतःचे पिस्तूल काढले. गोळीबारात ते ठार झाले आणि त्यांचा किशोरवयीन मुलगा आल्बेर्तो कमरेखाली कायमचा लुळा झाला. त्याच दिवशी त्याच गटाने दुसऱ्या गावात एका खाटकाला मारले. या दोहोंसह एकूण चार खुनांसाठी बत्तिस्तीला गैरहजेरीत जन्मठेप झाली. पॅरिसमध्ये तो एका इमारतीची राखण करत असे आणि रहस्यकादंबऱ्या लिहीत असे. नामवंत लेखक त्याच्या बाजूने उभे राहिले. 2004 मध्ये फ्रेंच न्यायालयाने प्रत्यार्पणाला होकार देताच तो ब्राझीलला पळाला. तिथे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी 31 डिसेंबर 2010 रोजी, आपल्या तेव्हाच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, त्याला परत पाठवायला नकार दिला. जानेवारी 2019 मध्ये तो बोलिव्हियात पकडला गेला, इटलीत आणला गेला आणि मार्चमध्ये त्याने चारही खुनांतला सहभाग कबूल केला. त्याला निर्दोष मानून निवेदनांवर सह्या करणारे तोवर पंधरा वर्षे व्हीलचेअरवरच्या आल्बेर्तोपेक्षा त्याच्याबद्दल अधिक बोलत आले होते. आश्रयाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

पण फ्रेंच न्यायालयांनी अखेर उलटाच निर्णय दिला, आणि तोही समजून घेण्यासारखा आहे. एप्रिल 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांच्या सरकारने वयस्क झालेल्या इटालियनांना अटक केली. एकूण दहा जणांविरुद्ध कारवाई झाली. युरोपीय अटक वॉरंटची सोपी पद्धत फ्रान्स 1 नोव्हेंबर 1993 नंतरच्या गुन्ह्यांनाच लावत असल्याने जुनीच प्रक्रिया चालली. पॅरिसच्या अपील न्यायालयाने जून 2022 मध्ये दहाही जणांचे प्रत्यार्पण नाकारले आणि 28 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कारण राजकीय नव्हते. नव्याने खटल्याची हमी नाही, आणि चाळीस वर्षांनी घर-संसार मोडणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग ठरेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मित्रराष्ट्रांतही हा पेच पडतो. ब्रिटिश सैनिकाच्या हत्येचा आरोप असलेला, ‘आयआरए’ या आयरिश सशस्त्र संघटनेचा जो डोहर्टी बेलफास्टच्या तुरुंगातून पळून न्यूयॉर्कला आला. 1984 मध्ये अमेरिकन न्यायाधीशाने त्याचा गुन्हा राजकीय ठरवून प्रत्यार्पण नाकारले. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांनी पूरक करार करून ही पळवाट बऱ्याच अंशी बुजवली, आणि 1992 मध्ये डोहर्टी परत गेला.

निर्वासितांविषयीचा 1951 चा करार युद्धगुन्हे आणि गंभीर बिगर-राजकीय गुन्हे करणाऱ्यांना संरक्षणातून वगळतो. सुरक्षा परिषदेचा 2001 चा ठराव 1373 राजकीय हेतूची सबब मानू नये असे सांगतो. त्यामुळे आज आरोपीला औपचारिक राजाश्रय मिळणे अवघड झाले आहे. मात्र छळ होण्याचा धोका असेल तर कोणालाही परत पाठवायचे नाही, हा नियम त्याहून बळकट ठरला आहे. करमजीतसिंग चहल या शीख फुटीरतावादी कार्यकर्त्याला ब्रिटन राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने भारतात पाठवणार होते. 1996 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते रोखले. चहल कितीही धोकादायक असला तरी फरक पडत नाही, असे न्यायालयाचे सूत्र होते.

मुंबईच्या 1993 च्या बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम लिस्बनमध्ये सापडला. पोर्तुगालने 2005 मध्ये त्याला दिले ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या भारताच्या लेखी हमीवर. मुंबईच्या टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती हमी सरकारवर बंधनकारक असल्याचे सांगितले. स्फोटात माणसे गमावलेल्यांना ही अट बोचते, आणि का बोचू नये? तरी ती दिली नसती तर मुंबईत खटला उभाच राहिला नसता.

फरारी आरोपी परत हवे असतील तर निषेधाच्या खलित्यांपेक्षा आपली कोठडी आणि आपले खटले परक्या न्यायाधीशाच्या नजरेला उतरतील असे करणे जास्त उपयोगी आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली. त्याचे अनुसमर्थन अद्याप झालेले नाही, आणि परदेशात प्रत्यार्पणाला विरोध करणाऱ्या वकिलांच्या हाती त्यामुळे आयता मुद्दा मिळतो.