राखीव प्रत

राखीव प्रत : मूळ नोंद नष्ट, भ्रष्ट किंवा गहाळ झाल्यास ती पुन्हा उभी करता यावी, ह्या हेतूने जपून ठेवलेली दुसरी प्रत. संगणकाच्या व्यवहारात तिला ‘बॅकअप’ म्हणतात. संज्ञा नवी असली, तरी तिच्यामागील प्रश्न पोथ्यांच्या काळापासूनचे आहेत : प्रत कोठे ठेवावी, ती मुळाशी जुळते हे कसे ताडावे आणि ती कोणाला वाचता यावी.

ह्या प्रश्नांचे बोलके उदाहरण वऱ्हाडात सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ऋद्धिपूर (जि. अमरावती) येथे चक्रधरांच्या आठवणी संकलित करून लीळाचरित्र सिद्ध केले. ज्याने लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडून ती मिळवावयाची आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धती होती. पुढे खल्जींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ वाचला तो पाठांतरामुळे. हिराइसा व अन्य अनुयायी ह्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. पोथीवर आलेली आपत्ती स्मरणापर्यंत पोहोचली नाही. प्रत भिन्न माध्यमात असण्याचा हा लाभ होय. मात्र ताडून पाहण्यास मूळ उरले नव्हते. परिणामी एकाच ग्रंथाचे अनेक पाठ रूढ झाले आणि त्यांतील म्हाइंभटांचा शब्द कोणता, हा प्रश्न संपादकांना कायमचा चिकटला.

ग्रंथ परक्यांच्या हाती पडले तरी वाचले जाऊ नयेत, म्हणून महानुभावांनी सांकेतिक लिप्या योजल्या. त्यांपैकी सकळ लिपी विशेष प्रचारात आली. तीत एका अक्षराच्या जागी ठराविक दुसरे अक्षर लिहीत. त्यामुळे पोथ्या पंथात सुरक्षित राहिल्या, पण पंथाबाहेरील अभ्यासकांच्या दृष्टीने त्या असून नसल्यासारख्या झाल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी ह्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा ही कोंडी फुटली. त्यानंतरच्या संशोधनात यवतमाळचा वाटा मोठा आहे. तेथील य. खु. देशपांडे ह्यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या शारदाश्रमामुळे यवतमाळ हे महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाचे एक केंद्र बनले. ह. ना. नेने ह्यांनी लीळाचरित्र खंडशः छापले, वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली निघाली. छापील प्रती गावोगावी विखुरल्यामुळे आता एकाच आघाताने ग्रंथ लुप्त होण्याची भीती उरलेली नाही.

अशाच पोथ्यांची छायाचित्रे व लिप्यंतरे यवतमाळच्या एखाद्या अभ्यासकाने आपल्या लिनक्स संगणकात ठेवली आहेत, असे समजू. हार्ड डिस्क बिघडल्यास वर्षांचे काम एका क्षणात जाईल. त्याने कोणती पद्धत निवडावी?

ह्या साधनांचा उगम लिनक्सपूर्व (१९९१) काळातील आहे. यूनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘टार’ ही आज्ञावली आली. अनेक फाइली एकत्र बांधून चुंबकीय फितीवर नेणे हे तिचे कार्य. ती आजही वापरात आहे. परंतु छायाचित्रांचा मोठा संग्रह दर वेळी समग्र बांधणे खर्चिक पडते. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस ह्यांच्या ‘आरसिंक’ने (१९९६) दोन प्रतींची तुलना करून केवळ बदललेला भाग पाठविण्याची युक्ती आणली. तिच्यातही एक धोका आहे. दुसरी प्रत पहिलीचे हुबेहूब प्रतिबिंब ठेवली, तर चुकून पुसलेले लिप्यंतर पुढच्या फेरीत तेथूनही पुसले जाते. म्हणून दिनांकवार प्रती राखणे इष्ट. न बदललेली फाइल एकदाच साठवून प्रत्येक दिनांकाखाली तिचा निर्देश केल्याने जागाही फारशी लागत नाही. ‘टाइमशिफ्ट’ हे लोकप्रिय साधन ह्याच तत्त्वावर चालते, परंतु ते मुख्यतः प्रणालीच्या फाइलींसाठी आहे. वापरकर्त्याचा स्वतःचा संग्रह ते आपणहून धरत नाही. ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

‘बोर्ग’ (२०१५) पुनरावृत्त मजकूर एकदाच साठवते आणि हवे असल्यास सारी प्रत सांकेतिक करते. परक्याच्या जागेत प्रत ठेवताना हे उपयुक्त असले, तरी येथे सकळ लिपीची आठवण ठेवावी लागते. तिचा उलगडा तर्काने होऊ शकला. आधुनिक संकेताची किल्ली वा परवलीचा शब्द हरवल्यास तसे घडत नाही. किल्ली संगणकाबाहेर, शक्यतो कागदावर लिहून, विश्वासू माणसाजवळ असावी.

पीटर क्रॉग ह्या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत अन्यत्र, असा आहे. आपल्या अभ्यासकाला दिनांकवार प्रत घेणारे साधे साधन, घरातील एक बाहेरची डिस्क आणि नागपूर वा अमरावतीच्या स्नेह्याकडील दुसरी, एवढे पुरेल. बाहेरची डिस्क कामापुरतीच जोडावी. सतत जोडलेली राहिल्यास विजेचा एकच झटका मूळ व प्रत दोन्ही नेऊ शकतो. तीन-चार महिन्यांनी एखादे छायाचित्र व एखादे लिप्यंतर प्रतीतून काढून दुसऱ्या संगणकावर उघडावे आणि मुळाशी ताडून पाहावे. म्हाइंभटांच्या पोथीबाबत ही सोय उरली नव्हती.