भूपट्ट : कोणी विशाल, कोणी चिमुकला

पृथ्वीचा बाहेरचा कठीण थर अखंड नसून लहान-मोठ्या तुकड्यांचा बनलेला आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. कवच आणि त्याखालील प्रावरणाचा वरचा घट्ट भाग मिळून भूपट्ट तयार होतो. खालच्या तप्त, मऊ थरावरून हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे साधारण नखे वाढतात त्या वेगाने सरकत असतात.

सहापासून बावन्नपर्यंत

भूपट्टांच्या आकारमानातील तफावत थक्क करणारी आहे. पॅसिफिक भूपट्टाचे क्षेत्रफळ सुमारे १० कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या तीसपट आहे. याउलट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हुआन दे फुका भूपट्ट जेमतेम अडीच लाख चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राहूनही लहान आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ झाविए ल पिशों यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात अवघे सहा भूपट्ट होते. अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ पीटर बर्ड यांनी २००३ मध्ये ५२ भूपट्टांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांतील ३८ लहान आहेत.

जन्म आणि ऱ्हास

हे आकार कायमचे नाहीत. महासागरांच्या मध्यभागी असलेल्या पर्वतरांगांपाशी शिलारस वर येऊन थिजतो आणि भूपट्टाच्या कडेला नवी भर पडते. खोल सागरी गर्तांपाशी मात्र एक पट्ट दुसऱ्याखाली शिरून प्रावरणात विरून जातो. त्यामुळे खंडांवर काही ठिकाणी ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडत असले, तरी आजच्या सागरतळाचा बहुतेक भाग २० कोटी वर्षांहून तरुण आहे.

आजचा अवाढव्य पॅसिफिक पट्ट सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी तीन पट्टांच्या संगमावर लहानशा तुकड्याच्या रूपाने जन्मला. त्या तिघांपैकी एक असलेला फॅरेलॉन पट्ट अमेरिका खंडांखाली शिरत गेला आणि सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी दुभंगला. नाझका, कोकोस आणि हुआन दे फुका हे त्याचेच अवशेष होत. आकार लहान म्हणून धोका लहान, असे मात्र नाही. हुआन दे फुका पट्ट जेथे उत्तर अमेरिकेखाली शिरतो, त्या सीमेवर २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची त्सुनामी जपानपर्यंत पोहोचली. भूकंपाची नेमकी तारीखही जपानी नोंदींवरूनच निश्चित करता आली.

पट्ट दुभंगण्याची प्रक्रिया आजही पाहता येते. पूर्व आफ्रिकेतील खचदरीच्या रेषेवर आफ्रिकेचा पट्ट दोन भागांत विभागला जात आहे. सप्टेंबर २००५ मध्ये इथिओपियाच्या अफार भागात अवघ्या काही दिवसांत सुमारे ६० किलोमीटर लांबीचा पट्टा फाकला.

भारतीय पट्टाचा प्रवास

गोंडवनातून फुटलेला भारतीय पट्ट एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटर वा त्याहून अधिक वेगाने उत्तरेकडे धावत होता. याच प्रवासात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठाराचा काळा कातळ लाव्हारसातून साकारला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर झाली. खंडाचा खडक हलका असल्याने तो सहजी खाली बुडेना. वेग मंदावला आणि हिमालय उंचावू लागला.

भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच पट्टावर आहेत, असे अनेक वर्षे शिकवले गेले. प्रत्यक्षात हिंदी महासागराखाली हा पट्ट ताणाने विभागला जात आहे. सुमात्राच्या पश्चिमेस ११ एप्रिल २०१२ रोजी अवघ्या दोन तासांच्या अंतराने झालेले ८.६ आणि ८.२ तीव्रतेचे भूकंप पट्टाच्या सीमेवर नव्हे, तर त्याच्या पोटात झाले होते. संशोधकांनी त्यात या विभाजनाची खूण पाहिली.

टकरीचा ताण केवळ सीमेवर राहत नाही, तो पट्टाच्या अंतर्भागातही पोहोचतो. हिमालयापासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने हजारोंचे बळी घेतले. दख्खनचे पठार स्थिर, म्हणून सुरक्षित, या समजाला त्या पहाटेने तडा दिला. भूकंपरोधक बांधकामाची गरज केवळ हिमालयाच्या पायथ्याशी आहे, असे त्यानंतर म्हणता येत नाही.